नाव एकच, कोंबडी वेगळी

‘ऱ्होड आयलंड रेड ती ऱ्होड आयलंड रेड, पिल्लं कुठूनही घ्या’ हा या कोंबडीच्या जातीबद्दलचा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. जात एक असली, तरी तिच्यातले वंश निवडीनं घडतात.

अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं ही जात १९०४ मध्ये मान्य केली. तिथं ठरलेल्या जातीच्या वर्णनाप्रमाणे सांभाळलेला जुना वंश जवळून पाहा: अंग विटेसारखं लांबट, पाठ आडवी सपाट, रंग इतका गडद तांबडा की सावलीत काळसर वाटावा. कोंबडा पावणेचार-चार किलोच्या घरात जातो. हॅचरीतला, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्रातला, कोंबडा बहुधा अंगानं हलका, रंगानं गंजासारखा फिकट.

हा फरक येतो कुठून? हॅचरीला अंडी हवीत. कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली की अंडी थांबतात, म्हणून खुडूक बसणाऱ्या माद्या पिढ्यान्‌पिढ्या मागे पडतात. तिथल्या तलंगा (तरुण कोंबड्या) लवकर अंड्यावर येतात, म्हणजे अंडी द्यायला लागतात, अंडीही जास्त देतात. या निवडीत पाठीची ठेवण, पिसांचा रंग कुणी बघत नाही. जुना वंश सावकाश वाढतो आणि सावकाशच अंड्यावर येतो. ‘अस्सल म्हणजे जास्त अंडी’ हेही म्हणूनच खोटं.

पण हॅचरीच्या पक्ष्याला सरसकट ‘संकर’ म्हणून हिणवणं मला अन्यायाचं वाटतं. तो वेगळ्या कामासाठी निवडलेला आहे, इतकंच. पिल्लं घेताना नुसती जात विचारू नका. आई-बाप कशावरून निवडले, ते विचारा आणि जमलं तर ते डोळ्यांनी पाहा.