१८५७चा उठाव फक्त काडतुसांमुळे झाला?

गाई-डुकराच्या चरबीच्या काडतुसांमुळे उठाव झाला, हे शाळेपासून ऐकू येतं. ते अपुरं आहे. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ स्वारांनी नाकारलेली काडतुसं नव्या एन्फिल्ड रायफलची नव्हतीच; जुन्याच प्रकारची होती. दातांऐवजी बोटांनी फाडायची मुभाही होती. पण विश्वास आधीच उडाला होता. १८५६मध्ये अवध खालसा झालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातले असंख्य शिपाई तिथल्याच शेतकरी घरांतले. अवध आता कंपनीचाच मुलूख झाल्याने त्यांचा परमुलखातल्या चाकरीचा जादा भत्ता बुडाला, गावी शेतसाऱ्याची नवी आकारणी आली. त्याच वर्षी नव्या भरतीला समुद्रापार जाण्याची अट लागली.

कानपूरला नानासाहेबांचं दुखणं निराळंच: १८५१मध्ये त्यांचे दत्तक वडील, पेशवे दुसरे बाजीराव वारले आणि वर्षाचा ८ लाखांचा तनखा कंपनीने बंद केला.