नाळेच्या रक्ताचा घोळ : थॅलेसेमियावरील प्रत्यारोपणाची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या घरांत थॅलेसेमियामुळे, म्हणजे शरीरात पुरेसे चांगले रक्त न बनण्याच्या जन्मजात आजारामुळे, दर दोन-चार आठवड्यांनी मुलाला रक्त चढवावे लागते, तिथे प्रत्यारोपणाची, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशी दुसऱ्याकडून घेऊन मुलाला देण्याची, गोष्ट निघाली की एक प्रश्न हटकून येतो : "जन्माच्या वेळी याच्या नाळेचे रक्त ठेवले असते, तर आज उपयोग झाला असता ना?" उत्तर 'नाही' असे आहे. तरीही ही हळहळ आईबापांच्या मनात रुजली कशी?

भावंडाच्या अस्थिमज्जेने (हाडातल्या रक्त बनवणाऱ्या गराने) थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे तीव्र रूप, बरा होऊ शकतो, हे पहिल्यांदा दिसले डिसेंबर १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलला. पुढे इटलीतल्या पेझारोच्या डॉक्टरांनी शेकडो मुलांवर हा उपचार केला आणि फार मोलाची गोष्ट दाखवून दिली. यकृत वाढलेले नसेल, त्यात व्रणासारखे घट्ट तंतू धरलेले नसतील आणि रक्त चढवून साठणारे लोह काढायचे औषध नियमित चालू असेल, तर यशाची शक्यता बरीच वाढते. म्हणजे प्रत्यारोपणाची तयारी खरे तर निदानाच्या दिवशीच सुरू होते. भारतात पहिले प्रत्यारोपण मुंबईत १९८३ साली झाले, तेही रक्ताच्या कर्करोगासाठी. थॅलेसेमियासाठी वेल्लोरला १९८६ मध्ये. तेव्हा कोकणातून मुंबई गाठायची म्हणजे एसटीत रात्र काढायची. कोकण रेल्वे सलग धावू लागली ती १९९८ मध्ये.

घोळ झाला तो 'स्टेम सेल', म्हणजे मूलपेशी, या शब्दाने. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी तीन ठिकाणांहून मिळतात : कमरेच्या हाडातली मज्जा, इंजेक्शने देऊन रक्तप्रवाहात उतरवलेल्या पेशी आणि नाळेतले रक्त. नाळेचे रक्त पहिल्यांदा वापरले गेले १९८८ मध्ये पॅरिसला, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (मज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार) झालेल्या पाच वर्षांच्या मुलासाठी. ते रक्त त्याच्या नवजात बहिणीचे होते, त्याचे स्वतःचे नव्हते. सगळा फरक इथेच आहे, आणि पुढच्या जाहिरातींत नेमका हाच तपशील गळाला.

या शतकाच्या सुरुवातीला नाळेचे रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या खासगी पेढ्या आपल्याकडे आल्या. प्रसूतिगृहात पत्रके, हप्त्याने पैसे, 'ऐंशीहून अधिक आजारांवर उपाय', 'बाळाचा विमा'. मुंबईत बाळंतपण होणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांतून ही भाषा गावापर्यंत पोचली. पण थॅलेसेमिया हा जनुकातला दोष. तो बाळाच्या प्रत्येक पेशीत असतो, तसा त्याच्या नाळेच्या रक्तातही असतो. तेच रक्त परत दिले तर तोच आजार परत येणार. स्वतःच्या भविष्यातील वापरासाठी नाळेचे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे देशाच्या मूलपेशींबाबतच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे. बालरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेनेही २०१८ मध्ये अशा 'विम्या'ची शिफारस करता येणार नाही असे सांगितले. माझ्या मते हे सांगायला फार उशीर झाला, आणि सांगून भागले असे समजणे ही त्याहून मोठी चूक होती. ज्या घराने लोह काढण्याच्या औषधासाठी पैसे राखायला हवे होते, ते हप्ते फेडत बसले.

पेढ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. घरात आधीच आजारी मूल असेल आणि दुसरे बाळ येणार असेल, तर त्या बाळाच्या नाळेचे रक्त जरूर ठेवावे. बाळ निरोगी निघाले आणि एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळले, तर ते मोठ्या भावंडाच्या कामी येते. सिकलसेल (लाल पेशींचा आणखी एक आनुवंशिक आजार) आणि थॅलेसेमियात अशा रक्ताचे निकाल भावंडाच्या मज्जेच्या तोडीचे असल्याचे २०१३ मधील एका मोठ्या अभ्यासात आढळले. पण सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणून अर्धे जुळणारे आई किंवा वडील दाते व्हावेत, यावर अलीकडे बरेच काम झाले आहे. जनुक-संपादनाच्या, म्हणजे रुग्णाच्याच पेशींतल्या जनुकात बदल करण्याच्या, उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली; त्याची किंमत मात्र आपल्या घरांच्या आवाक्यातली नाही.

पैशांचा प्रश्न थोडा हलका झाला आहे. एका सरकारी कोळसा कंपनीच्या सामाजिक निधीतून २०१७ पासून पात्र मुलांना १० लाखांपर्यंत मदत मिळते. २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमियाला दिव्यांगत्वाच्या यादीत आणले. कोकणची अडचण त्यानंतर सुरू होते. प्रत्यारोपणानंतर पहिले तीन-एक महिने रुग्णालयाजवळच राहावे लागते. मुलाची प्रतिकारशक्ती कमी असल्याने पुढेही बुरशी हा मोठा शत्रू, आणि आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना, कपड्यांना, अंथरुणालाही बुरी येते. विहिरीचे पाणी उकळून द्यायचे, गोठ्यापासून मुलाला लांब ठेवायचे. कौलारू घरात हे सांभाळताना घरच्या बायकांचा जीव मेटाकुटीला येतो.

ही वेळच येऊ नये म्हणून गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांत आईची एचबी-ए२ तपासणी, म्हणजे ती वाहक (स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणारी) आहे का हे पाहणारी रक्ततपासणी, करता येते. ती वाहक निघाली, तर वडिलांची करायची. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक असते, आणि अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन बाळाचीही तपासणी होऊ शकते.