श्रीलंका भेटीची पार्श्वभूमी, आणि ‘मिशन’ हा शब्द का गळला

येत्या फेब्रुवारीत आमच्या मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, अकरा जण दहा दिवसांसाठी श्रीलंकेला जात आहेत. कोण जाणार, कधी निघणार, तिकिटे कितीला पडली हे उपासनेनंतरच्या सूचनांतून सगळ्यांना कळलेलेच आहे. पण पहिल्या पत्रकावर ‘शॉर्ट टर्म मिशन’ असे छापले होते आणि दुसऱ्यावर ‘सहभागिता-भेट’. मधल्या सहा आठवड्यांत काय झाले, असे बऱ्याच जणांनी विचारले, म्हणून हे टिपण.

कोकण किनाऱ्यावरून समुद्रापार सेवेला जाणे नवीन नाही. वसईचे गोन्सालो गार्सिया पोरवयात जपानला गेले, तिथली भाषा शिकले, व्यापार केला, आणि पुढे मनिलाहून फ्रान्सिस्कन बंधू म्हणून दुभाष्याच्या कामासाठी पुन्हा जपानात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला जे २६ जण क्रुसावर मारले गेले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. गोव्यातल्या बाणावलीचे कॅथलिक धर्मगुरू जुझे वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले, तमिळ आणि सिंहली शिकले आणि १७११ मध्ये कँडीला वारले. चोवीस वर्षांत ते एकदाही परत आले नाहीत. त्यांना पकडायला टपलेले डच, ज्यांची तेव्हा त्या किनाऱ्यावर सत्ता होती, हे आपल्याच, म्हणजे प्रॉटेस्टंट, पंथाचे होते. ही गोष्ट आपल्या व्यासपीठावरून क्वचितच सांगितली जाते, आणि श्रीलंकेला जाणाऱ्या आपल्या माणसांना ती ठाऊक असायलाच हवी.

आपल्याकडे बाहेरून माणसे आली तो इतिहास मात्र जास्त जवळचा. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांना कंपनी सरकार परत धाडायलाच निघाले होते. त्यातून पळून ते कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना पुन्हा मुंबईत आणले गेले, आणि मिशनऱ्यांना मुभा देणाऱ्या त्याच वर्षीच्या सनदेच्या कायद्यामुळे त्यांचा मुक्काम कसाबसा टिकला. दहा वर्षांनी स्कॉटिश मिशनऱ्यांना पुण्याला जायचे होते. पेशवाई जाऊन पाचच वर्षे झाली होती, सरकारने नको म्हटले, म्हणून ते सावित्री नदीच्या मुखावर बाणकोटला आले. पुढे हर्णै हे त्यांचे दुसरे ठाणे झाले. म्हणजे आपल्या भागातल्या मिशनची सुरुवात ‘इथे जाता येणार नाही’ या सरकारी नकारातून झाली. त्यांच्यातला पहिला माणूस आला त्याच वर्षी, १८२३ मध्ये, वारला.

जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले. ज्यांच्या नावाने आज गिरगाव चौपाटीवर कॉलेज आहे तेच हे. पण मुंबईत काम सुरू करण्याआधी ते बाणकोट-हर्णैला येऊन राहिले, ते मराठी शिकायला. वर्ष संपायच्या आत ते मराठीत उपदेश करू लागले, आणि १८७५ मध्ये मुंबईतच त्यांचा शेवट झाला. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला येणाऱ्यांना मी नेहमी हे सांगतो. या वाळूवर एक परदेशी माणूस तोंड उघडण्याआधी भाषा शिकत बसला होता.

पुढचा शंभर वर्षांचा काळ, म्हणजे रत्नागिरीचे ठाणे, वेंगुर्ल्याचे मिशन हॉस्पिटल, शाळा, वसतिगृहे, वाचकांच्या घरातलाच आहे. एवढेच नोंदवतो की ती माणसे दौऱ्यावर आलेली नव्हती. वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांचा मुलगा १९१९ मध्ये तिथेच जन्मला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. या मिशनऱ्यांची मुले इथे जन्मत होती आणि कित्येकांच्या कबरी इथेच आहेत.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांच्या परवान्यांवर बंधने आली, जुनी माणसे निवृत्त होऊन परतली आणि त्यांच्या जागी नवी आली नाहीत. नेमक्या त्याच काळात तिकडे, पाश्चात्त्य देशांत, वेगळे वारे सुटले. १९५७ ते १९६० च्या सुमारास तरुणांना सुट्टीपुरते परदेशी सेवेला नेणाऱ्या संस्था निघाल्या. विमानप्रवास स्वस्त होत गेला तसे हे पेव फुटले. २००५ च्या आसपास एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख चर्च-सभासद अशा दौऱ्यांवर जात होते, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. विरोधही तेवढाच जुना. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत एका कॅथलिक धर्मगुरूने अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले की बघायला या, शिकायला या, पण आम्हाला मदत करायला येऊ नका. १९७१ मध्ये केनियातल्या एका मंडळीप्रमुखाने परदेशी मिशनरी आणि पैसा दोन्ही काही काळ थांबवा, अशी मागणी केली. आपल्या समितीत हे दोन्ही दाखले कुणीतरी वाचून दाखवले तेव्हा थोडी चुळबुळ झाली. मला ते वाचले गेले याचे बरे वाटले.

कारण आपण स्वतः त्या बाजूला बसलेलो आहोत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे परदेशी तरुणांचे एक पथक आले होते. नऊ दिवसांत त्यांनी चर्च आतून-बाहेरून रंगवले. चर्च जांभ्याचे, वर चुन्याचा गिलावा. त्यावर त्यांनी ऑइल पेंटचे दोन हात मारले. बांबूच्या परांचीवर चढून, उन्हाने लालबुंद होऊन ती पोरे काम करत होती. बायका त्यांना घावणे आणि चहा नेऊन देत होत्या. ज्या गवंडीकाकांच्या वडिलांनी त्या भिंतींना चुना लावला होता ते समोरच्या वडाच्या पारावर बसून दोन दिवस नुसते बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि पाहुण्यांना मराठी. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. ऑइल पेंटने त्याचा श्वास कोंडला. पहिल्याच पावसाळ्यात भिंतींना तळहाताएवढे पोपडे आले, श्रावणापर्यंत आतल्या बाजूला हिरवट बुरशी धरली. पुढचे दोन उन्हाळे आम्ही तरुण संघाची मुले पत्र्याच्या तुकड्यांनी तो रंग खरवडत होतो. त्या पथकातली एक मुलगी, आता आजी झालेली, अजून नाताळला पत्र पाठवते. तिचे प्रेम खरे होते आणि भिंत खराब झाली हेही खरे. ‘शॉर्ट टर्म मिशन’ हे शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकले.

याच्या उलट अनुभवही आपल्याच किनाऱ्याने घेतला आहे आणि तो अगदी ताजा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या वाड्या आडव्या केल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा बिस्किटांचे पुडे ट्रकने आले, पण लोकांना हवे होते कौले, पत्रे, आणि अंगणात पडलेल्या माडा-पोफळी कापायला करवतवाले. जे पथक पाच दिवस करवती घेऊन आले, झाडे कापून रस्ता मोकळा करून गेले, त्यांची नावे लोक अजून काढतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा हीच गोष्ट. दुकानातला गुडघाभर चिखल फावड्याने काढायला ना दुभाष्या लागतो ना वर्षभराचा मुक्काम. काम पाच दिवसांचे होते, माणसे पाच दिवसांसाठी आली आणि ते पुरले.

आता त्या शब्दाकडे.

‘मिशन’चा मूळ अर्थ पाठवणे. मराठी बायबलात त्याच कुळातला शब्द ‘प्रेषित’ हा आहे. पण आपल्या बोलण्यात मिशन ही क्रिया नव्हतीच कधी, ती जागा होती. ‘मिशनात जाऊन ये’, ‘मिशनच्या विहिरीचे पाणी गोडे’, ‘मिशनच्या दवाखान्यात झाला’ असे आपले आजी-आजोबा म्हणत. शेजारपाजारचे हिंदू-मुसलमानही तसेच म्हणत, त्यात कुणाच्या पोटात काही नसे. दुसरीकडे ‘मिशनरी वृत्तीने काम केले’ हे मराठीत आजही कौतुकाचे वाक्य आहे आणि ते कुणाही समाजसेवकाला लावले जाते. रामकृष्ण मिशनने १८९७ मध्ये शब्द घेतला, सरकारने आरोग्य मिशन आणि जल जीवन मिशन काढले. आणि याच शब्दाची तिसरी छटा गेल्या काही दशकांत इतकी गडद झाली आहे की ‘मिशनरी’ म्हटले की समोरच्याच्या मनात पहिला विचार धर्मांतराचा येतो. एकाच शब्दात जागा, कौतुक आणि संशय असे तिन्ही. पत्रकावर तो छापताना यातला कोणता अर्थ वाचणाऱ्याने घ्यायचा, हे कुणीच ठरवले नव्हते.

समितीत तीन सूर होते. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, शब्द टाकणे म्हणजे पूर्वजांना नाकारणे, ज्यांच्या घरात पहिले अक्षर मिशनच्या शाळेतून आले त्यांनी तो लपवायचा का? तरुणांचे म्हणणे व्यवहाराचे होते. पर्यटकाच्या परवानगीवर जाऊन धर्मप्रचार करायचा नसतो, कागदावर ‘मिशन’ दिसले तर विमानतळावर प्रश्न येणार. तिसरा सूर महिला मंडळाचा, आणि माझ्या मते सगळ्यात नेमका. आपण तिथे उपदेश करायला जात आहोत का? नसू तर तसे म्हणू नये. असू तर कोणत्या भाषेत करणार आहोत?

शेवटी ‘मिशन’ गळला. मराठीत ‘सहभागिता-भेट’ आणि इंग्रजी पत्रात ‘फेलोशिप व्हिजिट’ असे ठरले. निर्णय योग्य आहे, पण इतिवृत्तात कारण म्हणून ‘व्हिसाची अडचण’ एवढेच लिहिले गेले आणि ते मला मनापासून खटकते. नाव बदलून काम तेच ठेवायचे असेल तर ती फसवणूक झाली, यजमानांचीही आणि तिथल्या कायद्याचीही. आपल्या देशाचा नियम आपल्याला तोंडपाठ आहे. पर्यटक म्हणून आलेला परदेशी माणूस आपल्या उपासनेला बसू शकतो, पण व्यासपीठावरून उपदेश करू शकत नाही, पत्रके वाटू शकत नाही. २०२१ पासून ओसीआय कार्डधारकांनाही, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांनाही, मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागते. जो नियम इकडे येणाऱ्या पाहुण्याने पाळावा असे आपण म्हणतो, तो तिकडे गेल्यावर आपण पाळायचा की नाही? माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत इतिवृत्तात खरे कारण नोंदवावे. आपल्याला तिथली भाषा येत नाही आणि आपण दहाच दिवस थांबणार आहोत, म्हणून ही भेट आहे.

पैशांचा मुद्दा थोडक्यात. हंगामाच्या सणाच्या लिलावातले पैसे, म्हणजे ते सुरण, नारळांचे घड आणि कोंबडे दुप्पट-तिप्पट बोलीने घेऊन जमवलेले पैसे, या प्रवासाला वापरलेले नाहीत. धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला तर त्या रकमेवर आयकराची सवलत सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. त्यामुळे प्रत्येकाने आपले तिकीट आपल्या खिशातून काढले आहे. दोघांना नातेवाइकांनी हातभार लावला.

श्रीलंकाच का, हा प्रश्नही आला होता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्या बेटावर ३० हजारांहून अधिक माणसे गेली. तेव्हा आपल्या मंडळीतून एका मध्यवर्ती संस्थेमार्फत अर्पण गेले होते, त्याची पोच म्हणून कोलंबोच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या मंडळीचे पत्र आले. मच्छीमारांची वस्ती. तेव्हापासून नाताळची पत्रे आणि आता फोनवरचे फोटो सुरू आहेत. गेल्या वर्षी त्यांनी विचारले की तुमच्याकडे बोटीची इंजिने दुरुस्त करणारे आहेत ना, आमच्या मुलांना दाखवायला कुणी येईल का? म्हणजे मागणी तिकडून आली, आणि ती नेमकी होती. इंजिनचे काम नुसत्या पर्यटक-परवानगीत बसते का, हे यजमानांनी तिथल्या कचेरीत आधी विचारून लेखी उत्तर घ्यावे, असे आपण कळवले आहे. उत्तर येईपर्यंत हत्यारांची पेटी बांधायची नाही, असेही ठरले आहे.

दरम्यान गावातल्या इडलीवाल्या अण्णांकडे दर मंगळवारी संध्याकाळी, गिऱ्हाईक ओसरल्यावर, अकराही जण तमिळ शिकायला बसतात. सिंहली शिकवणारे कुणी अजून मिळालेले नाही. पहिल्या तीन आठवड्यांत पंधरा वाक्ये झाली. सगळ्यात आधी अण्णांनी जे शिकवले ते ‘एनक्कु तेरियादु’, मला माहीत नाही.