वसंतात फुलणारी कंदफुले

शरद ऋतूत जमिनीत लावल्यावर हिवाळ्याची थंडी घेऊन वसंतात फुलणाऱ्या कंदवर्गीय वनस्पती. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ, मस्कारी आणि स्नोड्रॉप या त्यांतल्या प्रमुख. यांचा कंद कांद्यासारखाच असतो: तळाशी चकती, तिच्यावर अन्न साठवणारे मांसल पापुद्रे, मधोमध कोंब. क्रोकसचा कंद आतून भरीव असला, तरी बागेत त्यालाही याच पंगतीत बसवतात.

या झाडांना थंडी नुसती सोसत नाही, ती लागतेच. ट्यूलिपच्या कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे ९° से.च्या खालचा गारवा मिळावा लागतो. कळी आधीच्या उन्हाळ्यातच आत तयार झालेली असते. गारव्यात साठलेल्या पिष्टाची साखर होते आणि दांडा लांबण्याची तयारी होते. थंडी अपुरी पडली तर दांडा वाढत नाही, फूल पानांतच अडकते. म्हणून उबदार प्रदेशात कंद लावणीआधी फ्रिजमध्ये ठेवतात. तिथे शेजारी सफरचंदे मात्र नकोत. पिकत्या फळांतून सुटणाऱ्या एथिलीन वायूने आतली कळी मरते.

लावताना टोक वर, बूड खाली. कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट माती त्याच्यावर यावी. डॅफोडिल शरदाच्या सुरुवातीला लावतात. ट्यूलिप उशिरा, माती गार झाल्यावर, कारण त्यामुळे बुरशीजन्य रोग कमी होतात. पाण्याचा निचरा नसेल तर कंद कुजतो आणि मग कोणतेही खत उपयोगाचे नाही.

सगळ्यांत जास्त चूक होते ती फुले गेल्यावर. सुकलेले फूल खुडावे, पण पानांना किमान सहा आठवडे हात लावू नये. पिवळी, लोळलेली पाने डोळ्यांना खुपतात खरी, पण पुढल्या वर्षीचे फूल तीच पोसत असतात. त्यांच्या वेण्या घालून ठेवण्याची हौसही टाळावी. तेवढे ऊन कमी पडते.

एवढे करूनही ट्यूलिपचा भरवसा नसतो. जुना कंद दरवर्षी संपतो, त्याच्या जागी येणारी पिल्ले बहुधा लहान असतात आणि पुष्कळदा फुलत नाहीत. डॅफोडिल मात्र वर्षानुवर्षे पसरते. त्यात लायकोरिन हे विष असल्याने खारी आणि हरणे त्याच्या वाटेला जात नाहीत; ट्यूलिपचे कंद मात्र खारी उकरून खातात.