'क्लोन सापडला' म्हणजे नेमकं काय सापडलं?

त्वचेच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर 'मोनोक्लोनल', म्हणजे 'सगळ्या एकाच पेशीच्या लेकी', हा शब्द दिसला की कर्करोगाच्या शंकेने पेशंटच्या आधी डॉक्टरच्याच पोटात गोळा येतो. त्वचारोगांमधल्या टी-पेशींच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या) जनुकीय अभ्यासाचा इतिहास बराचसा या एका शब्दाच्या घोळाचा इतिहास आहे.

फार मागे जायचं कारण नाही. १८०६ साली एका फ्रेंच डॉक्टराने अळंबीसारख्या गाठी आलेल्या रुग्णाची नोंद केली आणि त्यातून 'मायकोसिस फंगॉइडिस' हे नाव रूढ झालं. बुरशीशी या रोगाचा काडीचाही संबंध नाही, हा टी-पेशींचा कर्करोग. पण नाव दोनशे वर्षांत हललेलं नाही. सोरायसिसमध्ये टी-पेशींवर संशय आला तो वेगळ्याच वाटेने. १९७९ मध्ये सांधेदुखीसाठी सायक्लोस्पोरिन हे टी-पेशींना दाबणारं औषध दिलेल्या रुग्णांचे चट्टेच विरायला लागले.

आपल्या कामाची सुरुवात १९८४ पासून. त्या वर्षी टी-सेल रिसेप्टरची, म्हणजे टी-पेशी ज्याने परकं ओळखते त्या तिच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची, जनुकं हाती लागली. छातीतल्या थायमस ग्रंथीत घडताना प्रत्येक टी-पेशी या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडते आणि जोडताना सांध्यावर डीएनएची चार अक्षरं घालते, चार गाळते. तो सांधा पुढे तिच्या सगळ्या लेकरांना जसाच्या तसा मिळतो. थोडक्यात, सांधा म्हणजे पेशीचं आडनाव. एका चट्ट्यात एकाच आडनावाची गर्दी असेल तर तो क्लोन.

सुरुवातीच्या सदर्न ब्लॉट पद्धतीला डीएनए भरपूर लागायचा, आणि चार मिलिमीटरच्या बायोप्सीत तो पुरेसा नसायचा. नव्वदच्या दशकात पीसीआरने, म्हणजे थोड्याशा डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने, ही अडचण सोडवली. बहुतेक प्रयोगशाळांनी त्यासाठी रिसेप्टरच्या जनुकांपैकी गॅमा जनुक निवडलं. त्वचेतल्या बहुसंख्य टी-पेशी अल्फा-बीटा रिसेप्टर वापरतात, मग गॅमा का? कारण पेशी घडताना गॅमाची जोडणी आधी होऊन जाते, पुढे ती वापरली नाही तरी खूण उरते. शिवाय गॅमाचे तुकडे मोजके असल्याने थोड्या प्रायमरांत (प्रती काढायला जिथून सुरुवात होते त्या छोट्या डीएनए-पट्ट्यांत) काम भागतं. पण तुकडे मोजके म्हणजे सांध्यांची विविधताही कमी. सोय तीच गैरसोय झाली.

या चाचणीचा आलेख असा दिसतो: निरोगी मिश्रणात वेगवेगळ्या लांबीच्या तुकड्यांची एक गोलसर टेकडी, आणि क्लोन असेल तर त्या टेकडीतून वर आलेला एक सुळका. कधी दोन, कारण दोन्ही गुणसूत्रांवर जोडणी झालेली असू शकते. नमुन्यात टी-पेशीच मूठभर असतील तर योगायोगानेही सुळके उठतात, आणि तीच चाचणी पुन्हा लावली की भलत्याच जागी उठतात. म्हणून तर नमुना दोनदा लावायची शिस्त आली. २००३ मध्ये युरोपातल्या प्रयोगशाळांनी सामायिक प्रायमर ठरवल्यावर निकालांचा मेळ बसू लागला.

तोवर दुसरंच लचांड उभं राहिलं होतं. लायकेन प्लेनस, पिटिरियासिस लायकेनॉइडिस अशा कर्करोग नसलेल्या आजारांतही खरेखुरे क्लोन सापडत होते. त्यासाठी 'क्लोनल डर्मटायटिस' हा शब्द निघाला. तो कर्करोगाची पहिली पायरी सांगतो की नुसतीच दाहाची एक तऱ्हा, यावर एकमत झालंच नाही. अशा वेळी, २००५ मध्ये, एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मायकोसिस फंगॉइडिसच्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी गुणपद्धत मांडली: निदानाला चार गुण हवेत, आणि त्यात क्लोनला फक्त एक. डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांना दोनपर्यंत, सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्राला दोनपर्यंत, जनुकीय चाचणीला मात्र एक! प्रयोगशाळावाल्यांना ते झोंबणं साहजिक होतं. माझ्या मते मात्र तो निर्णय शहाणपणाचा होता. त्या काळची चाचणी तुकड्याची लांबी सांगायची, अक्षरं नाही. शरीराच्या दोन जागांवर एकाच लांबीचे सुळके आले तर क्लोन एकच की योगायोग, हे ठामपणे सांगायची सोय नव्हती.

ती सोय सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणाऱ्या तंत्राने, दिली. लाखो सांधे अक्षरशः वाचता येऊ लागले आणि 'क्लोन आहे की नाही' या प्रश्नाच्या जागी 'किती टक्के आहे' हा प्रश्न आला. २०१८ च्या एका अभ्यासात, सुरुवातीच्या मायकोसिस फंगॉइडिसमध्ये मुख्य क्लोनचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त असेल तर रोग बळावण्याचा धोका मोठा दिसला.

दाहाच्या आजारांचंही चित्र पालटलं. निरोगी त्वचेत सुमारे २,००० कोटी टी-पेशी असतात, म्हणजे रक्तातल्यांच्या जवळपास दुप्पट, हे २००६ मध्येच पुढे आलं होतं. त्यातल्या कितीतरी तिथेच मुक्काम ठोकून राहतात. बऱ्या झालेल्या सोरायसिसच्या जागी जुन्या चट्ट्यातलेच क्लोन दबा धरून असल्याचं सिक्वेन्सिंगने दाखवलं. चट्टा पुन्हा तिथेच का उठतो, हे कोडं त्यामुळे बरंच सुटलं. औषधांच्या रिअॅक्शनमध्ये तर पुढची उडी दिसते. २०२० मध्ये, नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या एका गंभीर रुग्णाच्या त्वचेतल्या आणि रक्तातल्या पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. टी-पेशींमध्ये जॅक-स्टॅट हा पेशीतला संदेशमार्ग पेटलेला दिसला, म्हणून तो मार्ग रोखणारं टोफासिटिनिब दिलं, आणि ते लागू पडलं.

इकडे मूळ शब्दाची पंचाईत वाढलीच आहे. पूर्वी तक्रार होती की कर्करोग नसतानाही क्लोन सापडतो. २०१९ च्या सुमारास उलटा दावा आला: मायकोसिस फंगॉइडिसच्या एकाच गाठीत वेगवेगळ्या आडनावांचे अनेक क्लोन असतात. मग हा रोग एका बिघडलेल्या पेशीपासून सुरू होतो, हे गृहीतकच डळमळतं. विरोधकांचं म्हणणं असं की त्या जास्तीच्या टी-पेशी कर्करोगाच्या नाहीतच, गाठीत शिरलेल्या बघ्या आहेत. एकाच पेशीतला सांधा आणि तिच्यातले कर्करोगाचे बदल एकत्र वाचले तरच याचा निवाडा होईल. त्यासाठी पेशी बायोप्सीतून जिवंत सुट्या कराव्या लागतात, आणि त्वचेच्या चिवट जाळ्यातून त्या काढतानाच बऱ्याच मरतात.