टर्मिनलमधल्या मेलला पत्ता कोण सांगतं?

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, मेल वाचणारे कोकणात मोजकेच, पण त्यांची कारणं रोखठोक आहेत. रेंजची एकच काडी असली तरी एसएसएच, म्हणजे दूरच्या मशिनवर टर्मिनलातून केलेलं लॉगिन, कसंबसं चालतं. अडतं ते पत्त्याच्या ओळीवर. जीमेलमध्ये दोन अक्षरं टाकली की नाव समोर येतं; कमांड लाइनच्या जुन्या प्रोग्रामांत ही सोय नव्हती, कारण तेव्हा ती कुणाला लागतच नव्हती.

कर्ट शोन्सने १९७८ मध्ये बर्कलीत लिहिलेल्या 'मेल'मध्ये टोपणनावं होती, तीही आपणच एका फाइलीत हाताने लिहायची. सगळे एकाच मशिनवर, त्यामुळे लॉगिनचं नाव हाच पत्ता. माणूस लांबचा असला तर दुसऱ्या मशिनला त्याची माहिती विचारणारं 'फिंगर' होतं, पुढे तसंच 'हूइज' आलं. संस्थाच मोठ्या झाल्या तेव्हा १९८८ मध्ये एक्स.५०० हे डिरेक्टरीचं, म्हणजे माणसांच्या नाव-पत्त्यांच्या सामायिक यादीचं, मानक ठरलं. ते इतकं अवजड की मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि मंडळींनी त्याला हलका पर्याय काढला, तो एलडॅप. ऑफिसची डिरेक्टरी आजही बहुधा त्याच्याच भाषेत बोलते.

आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, तेही मोठ्या शहरांत. कोकणातून जोडायचं तर एसटीडीचं मीटर पळायचं. स्वस्तातलं शेल खातं म्हणजे नुसती अक्षरं, आणि मेलसाठी पाइन हा प्रोग्राम. त्यात अ‍ॅड्रेस बुक होतं, पण भरायचं आपणच.

त्याच वर्षी मायकेल एल्किन्सचा 'मट' हा टर्मिनलमधला मेल प्रोग्राम आला. त्याने पुढे जी वाट धरली ती मला आजही सर्वात शहाणपणाची वाटते: पत्ता स्वतः शोधायचाच नाही. तुम्ही टाकलेली अक्षरं मट एका बाहेरच्या कमांडला देतो. उत्तराची पहिली ओळ निरोपाची. पुढे प्रत्येक ओळीत पत्ता, टॅब, नाव, टॅब, वाटल्यास शेरा. बस्स. त्यामुळे मागे काय बसवायचं हे तुमच्या हाती: 'एबुक' (abook) हा अ‍ॅड्रेस बुकचा प्रोग्राम, एलडॅपची स्क्रिप्ट किंवा आलेल्या मेलमधून पत्ते टिपून ठेवणारा 'लिटल ब्रदर्स डेटाबेस'.

कार्ल वर्थने २००९ मध्ये सुरू केलेल्या 'नॉटमच'ने साऱ्या मेलचा इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, आपल्याच डिस्कवर आणला, आणि २०१४ मध्ये त्यात पत्ते काढायची वेगळी कमांड आली. मात्र पाठवणारे मागितले की जाहिराती आणि नो-रिप्लायचा रतीब सुरू होतो. म्हणून आपण पाठवलेल्या मेलमधले फक्त 'प्रति'चे पत्ते घ्यावेत. ज्यांना आपण लिहितो तीच नावं राहतात. तरी इकडे एक मेख उरतेच. 'के-ए-आर' टाकलं तर अर्धा तालुका समोर येतो, आणि सावंत कुणी 'व्ही'ने लिहितं, कुणी 'डब्ल्यू'ने. आडनाव सोडून पहिल्या नावाने शोधलेलं बरं.

डिस्कवरच्या इंडेक्सची किंमत निसर्ग वादळाने दाखवली. ३ जून २०२० नंतर श्रीवर्धन, दापोलीकडे कित्येक गावांत वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं. लॅपटॉप जनरेटरवर चार्ज करून पत्रं लिहून ठेवता येत होती, पत्त्यासह. एलडॅपला ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत नेट लागतं, म्हणून ते तिथे गप्पच. उलट ज्याला कधी लिहिलंच नाही असा ऑफिसातला नवा माणूस आपल्या इंडेक्समध्ये कुठून असणार? म्हणून एकाच स्क्रिप्टमध्ये दोन्ही ठेवतात: आधी डिस्क, मग एलडॅप, आणि एलडॅपला दोन-तीन सेकंदांचा टाइमआउट, नाहीतर नेट नसताना मट तिथेच लटकतो.