झेब्रा डॅनिओची अंडी वाचवायची कशी?

झेब्रा डॅनिओ हे छोटे पट्टेरी मासे घरच्या टाकीत अंडी घालत नाहीत, ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची असते. चांगलं खाणारी मादी दर काही दिवसांनी अंडी घालतच असते. पण ती अंडी तळाला पोहोचण्याआधीच घोळक्यातले बाकीचे मासे, त्यांत आईबापही आले, गिळून टाकतात. त्यामुळे खरी कसरत असते ती अंडी या तोंडांपासून वाचवण्याची, आणि पुढे पिल्लांना पुरेसं बारीक खाणं पुरवण्याची.

मासे सहापेक्षा कमी ठेवू नयेत, आठ-दहा उत्तम. दोन-तीनच असले की एखादा दांडगा नर उरलेल्यांच्या शेपट्या कुरतडत बसतो. घोळका मोठा असला की त्याची दांडगाई एकट्यादुकट्यावर येत नाही. टाकी उंच नको, लांब हवी: 60 सेंमी लांब, 50-60 लिटरची. वर झाकण हवंच, हे मासे उड्या मारतात.

नवी टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, तर ते बहुधा मरतात. त्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे सोडावेत. हा स्पंज नळाखाली धुणं ही नेहमीची चूक. क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो पिळावा.

आता पैदास. मादी पोटाला गोल आणि रुपेरी दिसते. नर सडपातळ, पट्ट्यांमध्ये पिवळसर झाक असलेला. आठवडाभर दोघांना वेगळं ठेवून जिवंत खाद्य द्यावं. दहा-पंधरा लिटरच्या रिकाम्या टाकीत तळाला गोट्यांचे दोन थर पसरावेत आणि वर जेमतेम 10-12 सेंमी पाणी ठेवावं, तापमान 26 ते 28 अंश. पाणी उथळ ठेवायचं कारण सरळ आहे: अंडं जितकं लवकर गोट्यांच्या फटीत जाईल तितकं वाचेल. संध्याकाळी एक मादी आणि दोन नर सोडून दिवा बंद करावा. सकाळी उजेड पडला की पाठलाग सुरू होतो. नर मादीच्या पोटाला ढुशा देतो, अंगाला अंग लावतो आणि थोडी थोडी अंडी खाली पडतात. एका सकाळी शंभर-दोनशेही मिळतात. दुपारपर्यंत मोठे मासे काढून घ्यावेत, मग गोट्या हलकेच उचलाव्यात.

अंडी खसखशीच्या दाण्याएवढी आणि काचेसारखी पारदर्शक असतात. जी पांढरी पडली ती फळलेली नाहीत. ड्रॉपरने काढून टाकावीत, नाहीतर त्यांच्यावरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. पाणी फिकट निळं होईल इतकं मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) घातलं तरी चालतं, पण फक्त याच टाकीत. मोठ्या टाकीत ते फिल्टरच्या जिवाणूंवर उठतं. चोवीस तासांनी भिंगातून पाहिलं तर अंड्यात शेपटी झटके देताना दिसते. याच पारदर्शकपणामुळे हा मासा प्रयोगशाळांचा लाडका झाला. ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी 1981 मध्ये त्याचे क्लोन तयार केल्याचं प्रसिद्ध केलं.

दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि चिमुकल्या काड्यांसारखी काचेला चिकटून राहतात. तेव्हा त्यांना काही घालू नये. पोटाखालच्या पिवळ्या बलकावर त्यांचं भागतं, आणि घातलेलं खाणं नुसतं कुजतं. अंडी घातल्यापासून साधारण पाचव्या दिवशी ती पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात, पोहण्याची पिशवी फुगते आणि ती आडवी पोहू लागतात. पाण्यावर तेलकट साय असेल तर इथेच पुष्कळ पिल्लं जातात. ती कागदाने टिपून घ्यावी.

यापुढचे पाच-सहा दिवस सर्वांत अवघड. तोंड इतकं लहान असतं की चुरलेलं कोरडं खाद्यही मोठं पडतं. म्हणून अंडी मिळण्याच्या आठवडाभर आधीच बरणीत जुन्या टाकीचं पाणी आणि एक वाळलेलं पान घालून ठेवावं. पाणी आधी गढुळतं, मग निवळतं आणि उजेडात धरलं की धुळीसारखे कण हलताना दिसतात. हे पॅरामीशियमसारखे सूक्ष्मजीव. ते दिवसातून तीन-चार वेळा ड्रॉपरने द्यावेत. दहाव्या दिवसाच्या सुमारास आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची, पिल्लं चालतात: लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, सतत हवा आणि 26-28 अंश तापमान, की साधारण दिवसभरात आर्टेमियाची अंडी फुटतात. गोड्या पाण्यात धुऊन ती घालावीत. थोड्या वेळाने माशांच्या पिल्लांची पोटं नारिंगी दिसली तर खाणं लागलं म्हणायचं. ज्यांची पोटं पारदर्शकच राहिली, त्यांच्यासाठी आणखी दोन दिवस बरणीतलं पाणी चालू ठेवावं.

हीच युक्ती निऑन टेट्रा या दुसऱ्या माशाला पुरत नाही. त्याला जवळजवळ क्षारविरहित, आंबटसर पाणी लागतं, सामू (pH) 5 ते 6. शिवाय त्याच्या अंड्यांना उजेड सोसत नाही; टाकीला चारही बाजूंनी काळा कागद लावावा लागतो.